फोटोला सायकल चालते, पार्किंगला चालत नाही

प्रश्न : पत्र चार पानी आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून मुद्दा तेवढा देते. बाई एकोणचाळीस वर्षांच्या, पुण्यात कर्वेनगरला राहतात, सेनापती बापट रस्त्यावरच्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये डेप्युटी मॅनेजर आहेत. घर ते ऑफिस सहा किलोमीटर. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी सतरा हजारांची सायकल घेतली आणि तिच्यावरून ऑफिसला जायला लागल्या. पहिल्याच दिवशी गेटवरच्या सिक्युरिटीनं अडवलं, ‘मॅडम, सायकलला स्टिकर नाही, बेसमेंटला चालत नाही. मागं जनरेटरपाशी लावा.’ पुढच्या आठवड्यात मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, ‘काय मॅडम, इन्क्रिमेंट कमी पडलं का?’ सगळे हसले. हे साहेब स्वतः दर रविवारी लाख-दीड लाखाच्या सायकलवर खडकवासल्याला जातात. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं विचारलं, ‘घरचे काही बोलत नाहीत?’ घाम, कपडे, केस हे रोजचं होतंच. कंपनी पेट्रोलची बिलं लावली की दरमहा ठरावीक रक्कम देते, तीही बुडाली. (साहेब उठेपर्यंत, म्हणजे साडेसात-आठपर्यंत, कुणी उठत नाही, असं एक वाक्य कंसात आहे. मीही ते कंसातच ठेवते, त्याच्याकडे पुढे येऊ.) जानेवारीत अप्रेझलचे वारे वाहू लागले तशी बाईंनी सायकल बाल्कनीत नेऊन ठेवली आणि स्कूटर काढली. मग तीन जूनला, जागतिक सायकल दिनाच्या निमित्तानं, एचआरचा फोन आला, ‘तुम्ही सायकलवाल्या ना? पोस्टरसाठी फोटो हवाय, सायकल घेऊन या.’ बाईंनी सायकल नवऱ्याच्या गाडीत आडवी घालून नेली, फोटो काढला, गाडीत घालून परत आणली. फोटो आता लिफ्टशेजारी लागलाय. त्या विचारतात, ‘मी उगाच मनाला लावून घेते का? ऑफिसचं वातावरणच असं असेल तर एकटीनं काय होणार? सायकल विकून टाकू का?’

उत्तर :

ताई, सायकल मोटारीत आडवी घालून फोटोला नेल्याचं वाचून मी आधी मोठ्यानं हसले, आणि मग तुम्ही ते कुठल्या मनानं केलं असेल हे लक्षात येऊन गप्प झाले.

विकू नका, हे आधीच सांगून ठेवते. त्या सायकलचे आता निम्मेसुद्धा येणार नाहीत, आणि पुढच्या दिवाळीत परत घ्यावीशी वाटेल.

आता ‘वातावरण’ या शब्दाबद्दल. तुम्ही तो पत्रात सात वेळा वापरलाय, आणि दर वेळी पावसापाण्याबद्दल बोलावं तसा. म्हणजे ते आपोआप येतं, कुणाच्या हातात नसतं, आपण छत्री उघडायची नाहीतर घरी बसायचं. मी वीस वर्षं पिंपरीच्या बाजूच्या एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होते. पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असले की असा अधिकारी नेमावाच लागायचा, म्हणून माझी खुर्ची. त्या खुर्चीतून मी एवढं शिकले की वातावरण फायलीत तयार होतं. एक तर माझ्या सहीनं झालंय.

आमच्या गेटाच्या आत डाव्या हाताला सायकल स्टँड होता. पत्र्याची लांब शेड, चाकं अडकवायला लोखंडी खाचा, आणि स्टुलावर बसलेले एक वयस्कर गृहस्थ. ते प्रत्येकाला नंबर ठोकलेले पत्र्याचे दोन बिल्ले द्यायचे, एक हँडलला अडकवायचा, एक खिशात. तीनची पाळी सुटली की त्या बिल्ल्यांचा खळखळाट माझ्या केबिनपर्यंत यायचा. नव्वदच्या सुमाराला लोक लुना आणि एम-एटी घ्यायला लागले, शेड अर्धी रिकामी दिसू लागली. त्याच सुमाराला आमच्या साहेब लोकांकडे मारुत्या आल्या आणि त्या उन्हात तापायला लागल्या. फाइल माझ्या टेबलावर आली. मी लिहिलं, ‘सायकलींचा वापर घटल्याने सदर शेड वाहनतळासाठी उपलब्ध करून देण्यास हरकत नाही.’ सही केली. सायकली कंपाउंडच्या भिंतीला गेल्या, उघड्यावर. बिल्लेवाले काका स्टोअरला गेले. दोन उन्हाळ्यांत टायरांना भेगा पडल्या, सीटा करपल्या, कुणाचा डायनॅमो गेला, कुणाचा पंप. माणसांनी पतपेढीचं कर्ज काढून मोपेड घेतल्या. आणि पुढच्या अहवालात मीच लिहिलं, ‘कामगारांची पसंती बदलली आहे.’

पसंती! कर्ज काढून बदललेली पसंती.

हे सांगायचं कारण, तुम्हीही पत्रात लिहिलंय की ‘शेवटी मीच सायकल सोडली’. तुम्ही सोडलीत हे खरं. पण स्टिकर स्कूटरला मिळतो आणि सायकलला नाही, पैसे पेट्रोलच्या बिलावर मिळतात आणि पायाच्या जोरावर नाही, बेसमेंटची जागा हुद्द्यानुसार वाटलेली आहे. या तीनही गोष्टी कुणीतरी, कधीतरी, टेबलावर बसून ठरवल्या आहेत. ठरवणाऱ्यानं सायकलचा द्वेष म्हणून ठरवल्या नसतील. त्याच्या डोळ्यांसमोर सायकलवरून येणारा ‘स्टाफ’ नव्हता, इतकंच. मला वाटतं तुमचं खरं दुखणं साहेबांच्या विनोदापेक्षा इथे जास्त आहे. त्या इमारतीनं तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं की असं येणारं माणूस आमच्या यादीत नाही.

आता जरा वेगळं विचारते, रागावू नका. जनरेटरपाशी, मागे, कुणाच्या सायकली असतात?

तुम्ही लिहिलंय, ‘तिथे हाउसकीपिंगवाल्यांच्या सायकली असतात.’ म्हणजे तुम्ही एकट्या नाही आहात. त्या इमारतीत तुमच्या आधीपासून लोक सायकलवरून येतात, रोज, बाराही महिने, पोस्टरशिवाय. झाडलोट करणाऱ्या मावशी, कँटीनमधली मुलं, कदाचित तुम्हाला अडवणारा सिक्युरिटीचा माणूसही. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना ‘कामावर कसे जाता’ हे विचारलं होतं. देशभरात सायकलवरून जाणारे सुमारे १३ टक्के निघाले, मोटरसायकल-स्कूटरवाल्यांपेक्षा थोडे जास्तच. तेव्हापासून आकडे नक्कीच बदलले असतील. पण आपल्याला वाटतं तशी ही चार हौशी माणसांची गोष्ट कधीच नव्हती. हौशी माणसं आपल्याला दिसतात, कारण ती हेल्मेट घालून रविवारी निघतात. बाकीची पहाटे पाचला निघतात.

तुम्हाला ‘मागं लावा’ म्हटल्यावर वाईट वाटलं. ते जागा उघड्यावर आहे, धूळ आहे, चोरीची भीती आहे म्हणून वाटलं, की त्या ओळीत आपली सायकल उभी करायला लागली म्हणून? मी तुमच्या जागी असते तर मला दुसऱ्या कारणानंही वाटलं असतं, खोटं कशाला बोलू. दोन्ही कारणं वेगळी करून बघा मात्र. पहिल्या कारणावर उपाय आहे आणि त्या उपायाचा फायदा त्या सगळ्या ओळीला होणार आहे. दुसऱ्या कारणावर एचआर काही करू शकत नाही.

साहेबांकडे येऊ. ‘इन्क्रिमेंट कमी पडलं का’ हा विनोद पुण्यात गेली तीस वर्षं चालू आहे. ज्या शहरानं ‘सायकलींचं शहर’ म्हणून मिरवलं, त्याच शहरात ‘अजून सायकलवरच का?’ हा प्रश्न लग्नाच्या बाजारात स्थळं मोडायला पुरायचा. तुमच्या साहेबांच्या पिढीनं वडिलांची सायकल बघितलेली असते आणि तिच्यापासून सुटायला बारा-पंधरा वर्षं नोकरी केलेली असते. मग पैसा येतो, पोट सुटतं, डॉक्टर बोलतात, आणि सायकल परत घरात येते. पण आता कार्बनची, मोटारीच्या छतावर बांधून न्यायची. रविवारची सायकल म्हणजे आपण कुठवर पोचलो त्याची पावती. सोमवारची सायकल म्हणजे जिथून निघालो त्याची आठवण. तुम्ही सोमवारची सायकल घेऊन त्यांच्या मीटिंगला गेलात, म्हणून ते हसले. थोडे बिचकलेही असतील.

तुम्ही त्यातून अर्थ काढलात तो असा : साहेबांना मी गंभीर वाटत नाही, अप्रेझलवर परिणाम होईल. पण त्या अप्रेझलमध्ये शेवटी काय मिळालं, हे चार पानांत कुठेच नाही. वाईट मिळालं असतं तर लिहिलं असतंत, असं मी धरून चालते. म्हणजे ज्या भीतीपोटी सायकल बाल्कनीत गेली, ती खरी होती की नाही हे तपासायची संधीच तुम्ही स्वतःला दिली नाहीत. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं असेल, त्याबद्दल बोल लावत नाही. पुढच्या वेळी मात्र अप्रेझल जवळ आलं म्हणून सायकल आत ठेवू नका. अकरा महिने वेळेवर येताना बघितलेल्या माणसाबद्दल बाराव्या महिन्यात कुणाला शंका येत नाही.

आणि विनोद परत झाला तर? भाषण देऊ नका. पर्यावरण तर अजिबात काढू नका, मीटिंगमध्ये पर्यावरण काढणाऱ्या माणसाकडे लोक घड्याळाकडे बघतात तसे बघतात. हसून म्हणा, ‘साहेब, तुमचा रविवारचा रूट मी रोज करते, जरा स्वस्तात.’ किंवा काहीच म्हणू नका. महत्त्वाचं बोलणं नंतर, त्यांच्या केबिनमध्ये, दोघांतच. त्यांना सायकलीतलं कळतं, हा तुमचा फायदा आहे. विचारा, ‘तुमच्या सायकलला रात्रीचा दिवा कुठला लावलाय? मला संध्याकाळी लॉ कॉलेज रस्त्यानं परत जायचं असतं.’ सायकलवाल्या माणसाला दिव्याबद्दल विचारलं की तो अर्धा तास बोलतो. त्या अर्ध्या तासात तुमची सोमवारची सायकल त्यांच्या रविवारच्या सायकलीच्या शेजारी येऊन उभी राहते. मी हे तुम्हाला लाचारी म्हणून सांगत नाही. पार्किंगच्या अर्जावर त्यांची शिफारस लागणार आहे.

‘घरचे काही बोलत नाहीत?’ याला ‘नाही’ एवढं उत्तर पुरे.

घामाचं बोलू, कारण बायका याबद्दल एकमेकींत बोलतात आणि अर्जात लिहीत नाहीत. १९४८ च्या कारखाना कायद्यात हात-तोंड धुण्याच्या सोयीचं वेगळं कलम होतं, आणि त्याच्या पुढचंच कलम कामावर न वापरायचे कपडे ठेवायला आणि ओले कपडे वाळवायला जागा देण्याबद्दल होतं. म्हणजे लेथवर काम करणारा माणूस घामेजतो, पावसात भिजतो, त्याला कपडे बदलावे लागतात, हे स्वातंत्र्यानंतर सव्वा वर्षाच्या आत सरकारला सुचलं होतं. काचेच्या इमारतीतला माणूस मात्र इस्त्री केलेलाच जन्माला येतो आणि एसी गाडीतून थेट खुर्चीत उतरतो, असं धरून आपली ऑफिसं बांधली. बेसिन आहे तर आडोसा नाही, आडोसा आहे तर कपडे टांगायला खुंटी नाही. तुम्ही टॉयलेटमध्ये एका पायावर उभं राहून सलवार बदलत असाल, ती फरशीवर ओली होऊ नये म्हणून दातात धरून. मला हे माहीत आहे, कारण मी साडी अशीच बदललेली आहे.

सोय होईपर्यंत जुगाड सांगते. घाम नुसता सायकल चालवण्यानं येत नाही, पाठीवरच्या सॅकनंही येतो. मागे कॅरिअर बसवून घ्या आणि त्याला बाजूनं लटकणारी पिशवी लावा, लॅपटॉप तिच्यात. सेनापती बापट रस्त्याचा चढ ही शर्यत नाही, गिअर हलका करून बायकांच्या गप्पांच्या वेगानं चढा, दम लागला तर उतरून चाला. पोचल्यावर लगेच लिफ्टमध्ये शिरू नका, पाच मिनिटं बाहेर सावलीत थांबा. माणूस थांबल्यावरच जास्त घामेजतो, तो घाम बाहेरच येऊन जाऊ दे. ओला नॅपकीन, सुका नॅपकीन, एक सुती कुर्ता. सोमवारी स्कूटरवर या आणि आठवड्याचे कपडे ड्रॉवरमध्ये ठेवून टाका, मग सायकलच्या दिवशी कपड्यांची काळजी नाही. ओढणी पिशवीत, गळ्यात नाही. आणि सायकल घेताना चेनकव्हर काढून देतात ते परत लावून मागा, फॅशनपेक्षा सलवार महाग. केसांवर माझ्याकडे उपाय नाही. मी कापून टाकले होते.

आता तो कंस.

‘साहेब उठेपर्यंत कुणी उठत नाही.’ मला वाटतं तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. घामाला नॅपकीन आहे, विनोदाला उत्तर आहे. पण डिसेंबरात सहाला अंधार पडतो आणि तुम्ही आठला निघता, दमलेल्या, भुकेल्या, नळ स्टॉपच्या गर्दीत, शेजारून डंपर. त्या वेळी स्कूटर बरी वाटणारच. माझा अंदाज असा की सायकल बाल्कनीत गेली त्या आठवड्यात तुम्ही चार दिवस तरी आठच्या पुढे थांबला असाल. जानेवारी म्हणजे तिमाही बंद करायचे दिवस, अकाउंट्सवाल्यांना सांगायला नको. आणि हा प्रश्न सायकलचा नाहीच. बसनं जाणाऱ्याचा आहे, पाळणाघरातून मूल आणायचं असलेल्या बाईचा आहे, ज्यांच्याकडे रात्री कुठल्याही वेळी निघता येईल असं स्वतःचं वाहन नाही त्या सगळ्यांचा आहे. उशिरापर्यंत बसण्याची पद्धत ही मोटारवाल्यांची पद्धत आहे. मोटार खाली उभी असते, त्यांना कधीही निघता येतं.

म्हणून पहिलं काम : आठवड्यातले दोन दिवस ठरवा, म्हणजे उदाहरणार्थ मंगळवार आणि गुरुवार. त्या दिवशी साडेसहाला उठायचं. साहेबांना आधी सांगून, ‘या दोन दिवशी मी साडेआठलाच येते आणि साडेसहाला निघते, काही अडलं तर फोनवर आहे.’ सकाळी लवकर आलं की रस्ता मोकळा, ऊन कमी, बाथरूम रिकामी. दोन दिवस सायकल, तीन दिवस स्कूटर. सगळे दिवस सायकल असा पण केलात म्हणून तो सव्वा महिन्यात मोडला. दोन दिवसांचा नेम पाळता येतो, आणि खाडा झाला तरी लाज वाटत नाही. जाताना मुख्य रस्ता टाळता येतो का बघा, प्रभात रोडच्या गल्ल्यांतून दहा मिनिटं जास्त लागली तरी कुणी हॉर्न वाजवत मागे लागत नाही.

दुसरं काम अर्जाचं. एचआरकडे तुमचा फोटो आहे, लिफ्टशेजारी, कंपनीच्या लोगोसकट. इतकं सोन्यासारखं भांडवल कुणाकडे नसतं. अर्ज एका पानाचा करा आणि त्यात ‘हरित’, ‘संस्कृती’, ‘उपक्रम’ असले शब्द घालू नका. असल्या शब्दांना उत्तर म्हणून टी-शर्ट मिळतो. जागा मागा. मोटारीच्या एका जागेत आठ-दहा सायकली सहज उभ्या राहतात, एवढीच जागा, पण छपराखाली आणि कॅमेऱ्यासमोर. स्टँड कसला हवा तेही लिहा, नाहीतर पुढचं चाक अडकवायच्या खाचा आणून बसवतील, त्यात आरे वाकतात आणि कुलूप फक्त चाकाला लागतं. जमिनीत रोवलेला उलट्या यू-च्या आकाराचा पाइप पुरतो, सायकलचा सांगाडा त्याला बांधता येतो. कुठलाही वेल्डर करून देईल. इमारत जुनी असेल तर सोसायटीच्या ऑफिसातून मंजूर नकाशा मागून बघा. पुण्याच्या जुन्या बांधकाम नियमांत पार्किंगच्या तक्त्यात मोटार, स्कूटर आणि सायकल असे तीन रकाने असायचे. तुमच्या इमारतीच्या नकाशावर सायकलची जागा कागदावर निघाली, तर तिथे आता कुणाची मोटार उभी आहे हा प्रश्न तुम्हाला विचारावाही लागणार नाही, नकाशाच विचारेल.

आणि अर्ज एकटीच्या नावानं देऊ नका. आधी मागे जाऊन जनरेटरपाशी किती सायकली आहेत त्या तीन दिवस मोजा, कुणाच्या आहेत ते विचारा. ‘सध्या आपल्या आवारात रोज इतक्या सायकली येतात’ हे वाक्य अर्जाच्या पहिल्या ओळीत हवं. ती माणसं कंत्राटदाराकडची असतील, त्यांच्या सह्या कदाचित चालणार नाहीत, किंवा त्यांना द्यायला भीती वाटेल, तर आग्रह धरू नका. आकडा पुरे. तुम्ही डेप्युटी मॅनेजर आहात, तुमच्या अर्जाला आवक नंबर पडतो. त्यांनी तोंडी सांगितलेलं हवेत जातं. अट मात्र एक घाला, की जागा होईल ती सगळ्यांच्या सायकलींना. स्टाफची छपराखाली आणि बाकीच्यांची जनरेटरपाशी असं झालं, तर मी तीस वर्षांपूर्वी केलं तेच तुम्ही कराल, आणखी नीटनेटकं.

पेट्रोलच्या पैशांचं प्रकरण शेवटी काढा, कारण तिथे फायनान्स येतं आणि फायनान्समध्ये तर तुम्हीच आहात. मागणी साधी : रक्कम बिलावर न देता घर-ऑफिस अंतरावर द्या. नेदरलँड्समध्ये असंच आहे. तिथे मालकानं कामावर येण्याजाण्याचे पैसे दिले तर किलोमीटरमागे ठरावीक रकमेपर्यंत (२०२४ मध्ये ती २३ सेंट होती) कर लागत नाही, मग माणूस मोटारीनं येवो की सायकलनं. लोक सांगतात की त्यांचे माजी पंतप्रधान मार्क रुट्टे सायकलवरून कामाला जायचे, केवढा साधेपणा! साधेपणा असेल, पण त्यांच्याकडे कुणी ‘इन्क्रिमेंट कमी पडलं का’ म्हणत नाही, कारण सायकलवरून जाणं तिथे तोट्याचं ठेवलेलं नाही. आपल्याकडे लगेच करपात्र-करमुक्त असा घोळ निघेल. निघू दे. तो तुमच्या खात्याचाच विषय, मसुदा तुम्ही करा. नाहीच मान्य झालं तर वाद घालत बसू नका, जागा मिळाली तरी पुष्कळ.

हे सगळं करून ऑफिस बदलेल का? अर्धवट बदलेल. पुण्यात २०१७ च्या डिसेंबरात भाड्याच्या रंगीत सायकली आल्या होत्या, अ‍ॅपवर कुलूप उघडायच्या. औंधात रस्तोरस्ती दिसायच्या. दोन-तीन वर्षांत गायब झाल्या, काही तर नाल्यात सापडल्या. सायकली पुरवल्या म्हणजे लोक चालवतील असं वाटलं होतं. सायकल संध्याकाळपर्यंत कुठे उभी करायची, पोचल्यावर तोंड कुठे धुवायचं, किती वाजता सुटायचं, हे ऑफिसांना कुणी विचारलं नाही.

तुमच्यासारखी पत्रं अधूनमधून येतात, म्हणून थोडं इतरांसाठी. हिंजवडीत काम करणाऱ्यांनी माझं ऐकून उद्या सायकल काढू नये. वाकडच्या पुलाखालून आणि भूमकर चौकातून सकाळी नऊला सायकल घालणं हे धाडस आहे, आणि धाडस रोज करायची गोष्ट नाही. तिथे कंपनीच्या बससाठी भांडा, सायकल घरापासून बसथांब्यापर्यंत वापरा. रात्रपाळीवाल्यांनी परतीचं वाहन कंपनीकडून घ्यावं, ते सोडू नये. गुडघे दुखत असतील, अंतर बारा-पंधरा किलोमीटर असेल, तर बॅटरीची सायकल बघा. तिला लाजू नका, आणि तिला चार्जिंगचा प्लग मागायला तर मुळीच लाजू नका. आणि हे वाचणारे कुणी साहेब असतील, तर त्यांच्याकडून अपेक्षा एकच. सायकल चालवा असं मी म्हणत नाही. आठवड्यातून एकदा साडेसहाला उठा आणि जाताना सगळ्यांना दिसेल असे जा.

ताई, आत्ता जुलै आहे. पावसात सुरुवात करू नका, मन मोडेल. सप्टेंबर संपेपर्यंत मोजणी, नकाशा, अर्ज एवढं उरका. मागच्या बाजूला जाल तेव्हा त्या सिक्युरिटीच्या माणसाशी बोला. त्यानं तुम्हाला अडवलं ते नियमानं. ‘मागं लावा’ म्हणाला ते कदाचित त्याच्या सायकलशेजारी, जिथे त्याची नजर असते. मला उगाचच वाटतं की तुमची सायकल सव्वा महिना तिथे होती आणि बेलसुद्धा चोरीला गेली नाही, ती त्याच्यामुळे.

आणि बाल्कनीतली सायकल आठवड्यातून एकदा हलवत जा. सहा-सात महिने एकाच जागी हवा उतरलेल्या टायरवर उभी असेल तर रबराला घडी पडते आणि ट्यूब तिथेच फाटते. काढायच्या आधी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे न्या, दोन्ही ट्यूबा पाण्यात बुडवून बघायला सांगा, ब्रेकचे रबर आणि चेनला तेल. मडगार्ड नसेल तर तेव्हाच बसवून घ्या, पुण्यात परतीचा पाऊस ऑक्टोबरात हमखास पाठ रंगवतो.